दोनच बिंदू

चौथ्या मजल्यावरचे ओताकार हावरान
एकतीस वर्षं चर्चचे ऑर्गन सुरात लावत गावोगाव हिंडले.
आता हात थरथरतात,
म्हणून स्क्रू फिरवायचा मी
आणि खेकसायचं त्यांनी.

मीच का? तर म्हणे, तुम्ही पोस्टातल्या.
प्शेरोव्हच्या त्या खिडकीमागे मी जन्मभर पाकिटं तोलली,
काटा जरा पुढे सरकला की जादा तिकीट.
पण इथे सगळं मिळून वजन
एक पूर्णांक आठ दशांश ग्राम.
इतकं हलकं पत्र
माझ्या हातात कधी आलं नव्हतं.

हिऱ्याच्या टोकावर तेवढाच भार.
कमी पडला तर सुई खाचेतून उडते,
वाढला तर नाकापेक्षा मोती जड,
आणि रेकॉर्डचा भुगा.
मागचं गोल वजन मी केसाकेसाने पुढे घेतलं, मागे घेतलं.
आर्म हवेत आडवा थांबला
जेवण झाल्यावर उठू की नको करणाऱ्या पाहुण्यासारखा.
"श्वास रोखा," ओताकार म्हणाले.
रोखला.
तेवढ्यात खालून मालगाडी गेली,
कपाटातल्या बशा किणकिणल्या,
आर्म थोडा शहारला, पुन्हा थांबला.

मग चौकटी आखलेला पुठ्ठा, त्यावर दोन टिंबं.
"खाच कोरणारी सुई सरळ रेषेत गेली होती,
आपली जाते कमानीत.
म्हणून बाजूभर ती थोडी तिरकीच चालते.
नेमकी बसते फक्त दोन ठिकाणी."
फक्त दोन?
"वीस मिनिटांत दोनदा, झ्दिस्लावाबाई."
राडोव्हानबरोबरची सव्वीस वर्षं
मी मनातल्या मनात चाळून पाहिली.
दोन म्हणजे काही कमी नाही.

दोऱ्याला मण्याएवढं वजन टांगलं.
आर्मला मध्याकडे ओढ असते,
ती असणारच,
कुणीतरी मागून बाही धरायला हवी, एवढंच.

लावली एकदाची. व्हायोलिन.
ओताकारांनी मान कलती केली.
"उजवीकडे कमी."
पुन्हा पुठ्ठा, पुन्हा स्क्रू,
छोट्या आरशावर सुई टेकवून
ती आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आहेत का ते पाहिलं.
"उजवीकडे कमी."
मण्याचा दोरा एक खाच अलीकडे.
"तुमचं लक्ष कुठे आहे? कमी!"
शेवटी चिमट्याने चार तारा सोडवल्या,
पांढरी, तांबडी, निळी, हिरवी,
डावीकडच्या उजवीकडे केल्या.
दोष सुईत असेल तर तो आता डावीकडे जाईल,
हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

व्हायोलिन.
मला दोन्हीकडून सारखंच येत होतं.
पहिल्यापासून सारखंच येत होतं.

"उजवीकडे," ते म्हणाले, आणि थांबले.
उठले. खुर्ची फरफटत फिरवली,
स्पीकरकडे पाठ करून बसले
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.
मी तारांकडे बघत राहिले.
वादक एका लांब सुरावर होता, संपवतच नव्हता.
बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं,
"तुम्हाला सारखं येतं?"
"येतं."
"मग लागलंय बरोबर."

मी चहा ठेवायला उठले, खरं तर चहाची वेळ नव्हती.
काड्यापेटी दोनदा हातातून पडली.
आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
परत आले तेव्हा त्यांनी ती पुन्हा वळवली होती,
पण पूर्ण नाही,
डावा कान पुढे येईल इतकी
तिरकी.

सुई शेवटच्या खाचेत टकटक करत होती.
"बाजू बदला," ते म्हणाले,
"आणि तारा होत्या तशा करा आधी."